लर्निंग लायसन आणि पाण्याचा घोट

अनुभव लिहायला माणसाचं वय झालेलं असावं लागतं, असा माझा समज होता. माझं झालेलं नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर लालबागच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये काम करते. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव हवे आहेत, असं आमच्या मराठीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं. मी म्हटलं, मॅडम, मला नोकरीला दोनच वर्षं झालीत. त्या म्हणाल्या, "मग दोनच वर्षांचं लिही." म्हणून लिहिते आहे.

काम असं आहे. गाडी शिकण्याआधी लर्निंग लायसन काढावं लागतं आणि ते मिळण्याआधी रस्त्याच्या नियमांची परीक्षा द्यावी लागते. आरटीओत कॉम्प्युटरसमोर बसायचं. प्रश्न येतो, खाली तीन उत्तरं येतात, अर्ध्या मिनिटाच्या आत एक निवडायचं. परीक्षा सोपी आहे असं सगळे म्हणतात. नापास झालेलेही म्हणतात. या परीक्षेची तयारी करून घ्यायची, हे माझं काम. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे इशारा, चौकोनी म्हणजे माहिती, इथून मी सुरुवात करते. प्रत्यक्ष गाडी शिकवायचं काम सरांचं आणि त्यांच्या हाताखालच्या गणेशदादाचं.

मला गाडी येत नाही. हे आधीच सांगते, कारण लोक विचारतातच. आमच्या घरात कुणालाच येत नाही. वडील लोअर परळच्या एका ऑफिसच्या इमारतीत पार्किंगला आहेत. दिवसभर 'येऊ द्या, येऊ द्या, बस' करून दुसऱ्यांच्या गाड्या लावून देतात, पण आतून गाडी कशी दिसते ते त्यांना माहीत नाही. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे छापलेलं काहीही मला समजतं असा घरी समज आहे, आणि सरांनीही बहुधा त्याच समजावर मला घेतलं. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं मला मॅडम म्हणतात. त्याची अजून सवय झालेली नाही.

सरांची एक पद्धत आहे. कुणीही नाव घालायला आलं की सर त्याला दारात उभं करतात आणि समोर मसाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवतात. पूर्वी ते दुकानाची पाटी वाचायला सांगायचे. पण त्या पाटीवरचं 'आमची कोठेही शाखा नाही' लालबागमध्ये सगळ्यांना पाठ आहे, न बघताच म्हणतात. म्हणून आता पाटीखाली उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर वाचायचा. स्कूटर रोज वेगळी असते. ज्याला नंबर वाचता येत नाही त्याला सर म्हणतात, "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग माझ्याकडे." फी घेत नाहीत. एरवी सर फी सोडणारे नाहीत.

माणसं नाना प्रकारची येतात. दादरचे एक निवृत्त बँक अधिकारी महिनाभर नियम शिकले आणि परीक्षेला गेलेच नाहीत. त्यांना गाडी चालवायची नव्हतीच. सकाळी फिरायला जाताना कोण कोण नियम मोडतं, ते त्यांना खात्रीने कळायला हवं होतं. एका मंडळाच्या कार्यकर्त्याला मी विचारलं, समोरून मिरवणूक येते आहे, तुम्ही काय कराल? तो म्हणाला, "आपल्या मंडळाची का दुसऱ्याच्या?" मी म्हटलं, तसं प्रश्नात दिलेलं नाही. "मग प्रश्न अर्धा आहे मॅडम," असं म्हणून तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसला.

आणखी एक प्रश्न आहे, ज्यात आमच्या भागातले बहुतेक लोक चुकतात. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत आहे, तुम्ही काय कराल? लोक म्हणतात, उतरून हात धरून पलीकडे सोडेन. हे उत्तर तिन्हींत नसतं. बरोबर उत्तर असं, की पांढरी काठी हीच थांबण्याची खूण समजून गाडी थांबवायची. मला हे उत्तर थोडं कोरडं वाटायचं. सरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "गाडी रस्त्यात सोडून तू खाली उतरलीस, तर मागच्याला कोण थांबवणार?" त्यानंतर मी ते उत्तर कोरडं आहे असं म्हटलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते परबकाकूंबद्दल.

परबकाकू पन्नाशीच्या. मूळ कुडाळकडच्या, राहायला चिंचपोकळीला. त्यांच्या घरचा छोटा टेम्पो आहे. सकाळी भायखळ्याच्या बाजारातून भाजी उचलायची आणि लालबाग-परळच्या खानावळींना पोचवायची, असा त्यांचा धंदा. परबकाका टेम्पो चालवतात, काकू शेजारी बसतात. काकू नाव घालायला आल्या त्या दिवशी काकांनीच त्यांना टेम्पोतून आणलं आणि ते टेम्पोतच थांबले. काकूंनी दारात उभं राहून स्कूटरचा नंबर वाचला, वर स्कूटरला आरसा एकच आहे हेही सांगितलं. सर दारापुढच्या पायऱ्या उतरून काकांना म्हणाले, "परब, या ना आत, चहा घ्या." काका टेम्पोतूनच म्हणाले, "गाडी लावूक जागा नाय."

टेम्पोच्या पुढे भरपूर जागा होती. मला वाटलं, संकोची असतील.

काकू सातवी शिकलेल्या, वाचायला पक्क्या. रस्ता तर त्यांना इतका माहीत की कुठल्या वळणावर कुठली हातगाडी उभी असते तेही सांगतील. तरी त्यांना शिकवताना मला त्रास व्हायचा, कारण त्यांची उत्तरं चमत्कारिक यायची. मी प्रश्न वाचायची. काकू माझ्याकडे न बघता समोर भिंतीकडे बघायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "थांबा." किंवा "हळू घेवा." किंवा "डावीकडसून बस येता, जावंदे तिका."

"काकू, प्रश्न तुम्हाला आहे," मी म्हणायची. "मी थांबेन, असं म्हणा."

"बरा."

"पुढे शाळा आहे अशी पाटी दिसली. तुम्ही काय कराल?"

"हळू घेवा."

उत्तर बरोबरच असायचं, म्हणून मी फार ताणलं नाही. फक्त पांढऱ्या काठीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी भिंतीवरून नजर काढली. मग म्हणाल्या, "थांबा." आणि मला विचारलं, "बाय, आणि जेच्या हातात काठी नाय तो?"

"त्यावर प्रश्न येत नाही, काकू," मी म्हटलं.

ही परीक्षा घरी बसूनही देता येते. पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू लागतो आणि काकूंचा तो नंबर कधीच बंद पडलेला. म्हणून आरटीओत जायचं ठरलं. परीक्षेला जाणाऱ्यांबरोबर आमच्याकडून मी जाते. आत सोडत नाहीत, दाराशी उभी राहते.

पहिल्या खेपेला काकू बसल्या, पहिला प्रश्न आला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "थांबा." खोलीतले सगळे थांबले. साहेबांनी सांगितलं, बाई, इथे बोलायचं नाही. काकू गप्प झाल्या, आणि मग त्यांना एकही उत्तर सुचेना. वेळ संपत गेला, प्रश्न आपोआप पुढे सरकत गेले. नापास.

काही दिवसांनी दुसऱ्या खेपेला त्या बोलल्या. येईल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बोलल्या. शेजारी आधीपासून बसलेल्या मुलाने ती ऐकून आपल्या कॉम्प्युटरवर दिली आणि तो नापास झाला, कारण प्रत्येकाला प्रश्न वेगळे येतात. त्याने तक्रार केली. साहेबांनी काकूंना परीक्षा अर्धी असतानाच बाहेर काढलं.

बाहेर काका टेम्पो घेऊन उभे होते. काकूंचा चेहरा त्यांना दिसलाच असेल असं मी धरून चालले. पण त्यांनी विचारलं, "झाला काय?"

"नाय," काकू म्हणाल्या.

"मग बस." आणि मला म्हणाले, "मी हिका सांगून ठेवलंय. हिने लायसन काढल्यान की मी सीटवरसून उठतंय. तोपर्यंत चलता तसा चलता." हे ते हसत म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

मला लालबागलाच परतायचं होतं, तर त्यांनी मला टेम्पोत घेतलं. काका, मधे काकू, खिडकीशी मी. टेम्पो निघाला आणि काकूंनी बोलायला सुरुवात केली.

"टॅक्सी हा पुढे. हळू. मोकळो हा, चला. लाल झालो, थांबा."

काका म्हणाले, "गप गो. माका दिसता." आणि थांबले.

"हिरवो. चला. सायकल हा डावीकडे."

"माका दिसता म्हटलंय ना."

मला आधी गंमत वाटली. आमच्या शेजारचे काका-काकूही असंच एकमेकांवर ओरडत असतात. भायखळ्याचा पूल ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की काका काकूंच्या शब्दानंतरच थांबतात. आधी नाही. आणि सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, तरी काकू 'हिरवो' म्हणेपर्यंत ते हलत नाहीत.

चिंचपोकळीच्या अलीकडे एका वळणावर काकूंच्या मांडीवरची पिशवी घसरली. परीक्षेचे कागद माझ्या पायाशी पडले, काकू ते उचलायला वाकल्या. तेवढा वेळ त्या बोलल्या नाहीत. पुढचा सिग्नल लाल होता. एक बाई मुलाला कडेवर घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. टेम्पोचा वेग कमी झाला नाही.

"थांबा," मी म्हटलं.

काकांनी ब्रेक मारला. काकूंचं डोकं पुढे आपटलं. त्या बाईने आमच्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि ती पलीकडे गेली. 'मी थांबेन' असं मी म्हटलं नव्हतं.

"माका दिसता," काका म्हणाले. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

लालबागला मी उतरले, तशा काकूही उतरल्या आणि मला बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. कपाळाला टेंगूळ आलं होतं, पदराने दाबून धरलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते थोडं होतं. काकांना साखर आहे. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्याने आकार दिसतो, रंग कळत नाही. डॉक्टरांनी गाडी सोडा सांगितलं ते काकांनी घरात कुणाला सांगितलं नाही. काकूंना डॉक्टरांकडच्या नर्सबाईंनी सांगितलं. ते काकांना माहीत आहे की नाही हे काकूंना माहीत नाही. घरात या विषयावर बोलणं झालेलंच नाही. काकू फक्त टेम्पोत बसल्या की बोलतात.

"म्हणान लायसन होया," काकू म्हणाल्या. "सरांका सांगू नको गो. त्येंका लाज वाटात."

मी शब्द दिला नाही. वर जाऊन खुर्चीत बसले. पुस्तकात अपघात झाल्यावर काय करायचं ते सविस्तर दिलेलं आहे. होण्याच्या आधी कळलं तर काय करायचं, ते दिलेलं नाही. मला ती मुलाला घेतलेली बाई दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो पुन्हा निघणार होता आणि शिंक आली तरी काकूंचं बोलणं तुटणार होतं. संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. काकांची लाज आणि ती बाई यांत मी बाई निवडली. हे बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्या क्षणी चांगलं वाटलं नाही.

सरांनी समोरच्या स्कूटरकडे बघितलं. मग म्हणाले, "तरीच. चहाला वर येत नाही तो." आणि उठून चिंचपोकळीला गेले. जाताना मला बरोबर घेतलं.

काकांच्या घरी सरांनी डोळ्यांचा विषय काढलाच नाही. म्हणाले, "परब, काकूंचा टेम्पोवर हात बसायला पाहिजे तर आमच्या गणेशला आधी तुमचा रस्ता माहीत पाहिजे. त्यांची पुढची परीक्षा होईपर्यंत सकाळची फेरी त्याला करू द्या. नंतर मला माणूस मोकळा नाही, तेव्हा तुमची गाडी तुमच्याकडे."

मला वाटलं, काका ऐकणार नाहीत. काकांनी खुंटीवरची चावी काढून लगेच सरांच्या हातात दिली. मग काका म्हणाले, "क्लच जड हा. तुमच्या माणसाक जमूचो नाय."

म्हणजे आता सगळं काकूंच्या तिसऱ्या परीक्षेवर आलं. त्या पास झाल्या तर काका शब्दाप्रमाणे उठणार. नापास झाल्या तर चावी परत खुंटीवर, आणि सकाळी टेम्पो पुन्हा काकूंच्या बोलण्यावर चालणार.

मी काकूंना मनातल्या मनात बोलायला शिकवू लागले. ते त्यांना येत नव्हतं. "मनात बोलला तर ह्येंका कसा ऐकू येतला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकू, परीक्षेत काका नसतात. त्यांना ते समजत होतं, पण जीभ ऐकत नव्हती. तोंडात लवंग धरून बघितली. लवंग गालात सरकवून त्या बोलायच्या. ओठांवर बोट ठेवून बघितलं. बोटामागून "थांबा" यायचं. मी स्वतः सगळ्या परीक्षा गप्प बसून दिलेल्या, त्यामुळे गप्प बसणं ही शिकवायची गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं.

उपाय काकूंनाच सुचला. खानावळींना त्या कधी कधी कांदा चिरून देतात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तोंडात पाण्याचा घोट धरतात. "घोट धरलंय तर बोलतंय कशी?" त्या म्हणाल्या.

आमच्याकडे तांब्या-भांडं आलं. काकू घोट धरायच्या, मी प्रश्न वाचायची, त्या उत्तरावर बोट ठेवायच्या. पहिल्या दिवशी प्रत्येक लाल सिग्नलला त्या पाणी गिळत होत्या आणि गिळून झाल्यावर "थांबा" म्हणत होत्या. सरांनी दारातून बघून विचारलं, "प्रणाली, हे काय चाललंय?" मी म्हटलं, सर, थिअरी. हळूहळू घोट टिकायला लागला. भिंतीकडे बघून त्यांचे डोळे मोठे व्हायचे, गाल हलायचे, पण पाणी जागेवर राहायचं.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी आरटीओच्या दाराशी बाटलीतून घोट घेतला आणि आत गेल्या. तेच साहेब होते.

"नाव?"

काकूंनी कागद पुढे केला.

"नाव विचारलं मी. यांना बोलता येत नाही का?"

मी दारातून म्हटलं, "येतं साहेब. तीच अडचण आहे."

साहेबांनी काकूंकडे बघितलं. त्यांना मागची खेप आठवली असावी. "बसा," ते म्हणाले. समोर कॅमेरा होता, फोटो निघाला. मग प्रश्न सुरू झाले.

मला दारातून फक्त काकूंची पाठ दिसत होती. एकदा खांदे वर गेले आणि तसेच राहिले. बहुतेक लाल सिग्नल असावा. मग त्या थोड्या पुढे झुकल्या आणि खांदे खाली आले. शेवटी त्या उठल्या, सावकाश चालत बाहेर आल्या, भिंतीपाशी जाऊन घोट गिळला आणि म्हणाल्या, "झाला."

लर्निंग लायसनवर काकूंचे दोन्ही गाल फुगलेले आहेत. गणेशदादा म्हणाला, पोलिसांनी पकडलं तर काकूंना गाल फुगवून दाखवावे लागतील.

काकांनी लायसन हातात घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं. "बरो इलो हा फोटो," ते म्हणाले आणि परत दिलं.

काका शब्दाप्रमाणे उठले, म्हणून पक्कं लायसन मिळेपर्यंत सकाळची फेरी सरांनी गणेशदादाकडेच ठेवली आणि त्याच आठवड्यात काकूंना रस्त्यावर काढलं. टेम्पोच्या आधी आमच्या शिकवायच्या गाडीत. त्या गाडीत डावीकडच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. सर तिथे बसले. सरांनी काकांनाही बोलावलं. या वेळी काका जागेचं काही बोलले नाहीत. काकांच्या हाताला धरून मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि शेजारी बसले.

काकूंनी गाडी काढली. त्यांच्या तोंडात पाणी नव्हतं.

"बस हा पुढे. हळू घेतंय," काकू म्हणाल्या.

सर म्हणाले, "काकू, आता बोलायची गरज नाही. तुम्हीच चालवताय."

"बरा," काकू म्हणाल्या. "हातगाडी हा डावीकडे."

सरांनी पुन्हा सांगितलं नाही. मी शेजारी बघितलं. काकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि उजवा पाय खालच्या रबराच्या मॅटवर होता. काकू 'हळू' म्हणाल्या की तो पाय मॅटवर दाबला जायचा, 'मोकळो हा' म्हणाल्या की उचलला जायचा. मागच्या सीटला ब्रेक नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पुलाखालचा सिग्नल आला. "लाल झालो," काकू म्हणाल्या, आणि गाडी झटका न बसता पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली. सर डाव्या खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांनी पाय हलवला नव्हता. काकांचा पाय मॅटवर होता. समोरून माणसं जात होती. काकूंचं बोलणं थांबलं होतं, कारण गाडी उभी असताना सांगण्यासारखं काही नव्हतं.

काका थोडे पुढे झुकले. त्या दिवशी टेम्पोत ते रस्ताभर 'माका दिसता' एवढंच म्हणत राहिले होते.

"हिरवो झालो काय गो?" त्यांनी विचारलं. सरांसमोर, माझ्यासमोर, नेहमीच्या आवाजात.

काकूंनी आरशात बघितलं.

"नाय अजून," त्या म्हणाल्या. "झालो की सांगतंय."

काकांनी मॅटवरचा पाय उचलला आणि मागे टेकून बसले.